उरलेले पंच्याहत्तर सेकंद

किपतानुई जन्माला आला तोच मध्ये थांबून. बाहेर आला आणि रडेचना. सुईणीने पाठीत धपाटे घातले, तोंडावर गार पाण्याचा सपकारा मारला, नाकात फुंकर घातली. बायका "गेलं ग बाई" म्हणून कपाळाला हात लावणार, तेवढ्यात पोराने असा टाहो फोडला की दारातली गाय दावं तोडून पळाली. आमच्याकडे नाव शोधत बसावं लागत नाही. पोर ज्या घडीला जसं येतं, तसं त्याचं नाव. पावसात आलं तर किपरोप, वाटेत आलं तर किपरुतो, आणि श्वास घ्यायचा विसरून आलं तर किपतानुई.

हे नाव त्याला पुढे जन्मभर ऐकावं लागलं. शाळेत गणित अर्धं राहिलं की मास्तर म्हणायचे, "नावाला जागलास रे बाबा." आई विहिरीवर पाठवायची तेव्हा बजावायची, "पोचून ये हां. मधे थांबू नकोस."

पळण्यात तो काही वाघ नव्हता. आमच्या डोंगरावर जो तो पळतो. पळता येणं म्हणजे मिशा असण्यासारखं, त्याचं कोणी कौतुक करत नाही. पण तानुईकडे एक वेगळीच चीज होती. तो सरावाच्या कॅम्पात आला तेव्हा तिथले मास्तर (हे पोस्टातून निवृत्त झालेले, शिक्का मारल्यासारखं बोलायचे) घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला उभे होते. तानुईने पहिली फेरी छप्पन सेकंदांत मारली. दुसरी छप्पन. तिसरी छप्पन. मास्तरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"पोरा, तू सकाळी काय खाल्लंस?"

"मक्याच्या पिठाची उगाली, मास्तर."

"त्यात कोणाचं मनगटी घड्याळ पडलं होतं का?"

तेव्हापासून कॅम्पात त्याचं नाव पडलं 'छप्पन'.

अडचण एवढीच की शर्यत जिंकायला शेवटच्या फेरीला अंगात वारं शिरावं लागतं. घंटा वाजली की बाकीचे बावन्न, त्रेपन्नने सुटायचे, दात विचकायचे, आईला हाका मारायचे. तानुईच्या अंगात घंटेनंतरही तेच छप्पन. सातवा यायचा, नववा यायचा, आणि चेहऱ्यावर असा शांतपणा की जणू पोस्टात पत्र टाकून आलाय.

मग युरोपातला एक एजंट आला. गोरा, उन्हाने टोमॅटो झालेला. त्याने तानुईला पाहिलं आणि म्हणाला, "तुला जिंकायचं नाहीये."

"ते मला जमतं," तानुई म्हणाला.

"पंधराशे मीटरची शर्यत. तू सगळ्यांच्या पुढे, छप्पनने. अडीच फेऱ्या. हजार मीटर झाले की बाजूला व्हायचं."

"आणि मग?"

"मग आंघोळ."

अशी त्याची नोकरी लागली. मोठमोठे धावपटू विक्रम करायला निघाले की त्यांच्यापुढे एक ससा लागतो. वारा अंगावर घेणारा, वेग धरून ठेवणारा, आणि वेळ झाली की गुपचूप गवतात शिरणारा. तानुई नऊ वर्षं ससा होता. त्याच्या पाठीमागून चार जणांनी आपापल्या देशाचे विक्रम मोडले. पंधरा-सोळा शहरांत त्याने पहिल्या अडीच फेऱ्यांपर्यंत जगाला मागे टाकलं, आणि एकाही शहरात शेवटची रेषा जवळून पाहिली नाही.

त्याला त्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते फक्त परत येताना, विमानतळावर. तिथे जिंकून आलेल्यांसाठी गावची माणसं तुंबा घेऊन उभी असतात. तुंब्यात कोळसा घासून मुरवलेलं आंबट दूध, आमचं मुर्सिक. बायका गाणं धरतात, तुंब्याचं तोंड पोराच्या ओठाला लावतात. तानुई त्या पोराच्या शेजारीच उभा असायचा, हातात त्याचीच बॅग. नऊ वर्षांत तुंबा त्याच्या नाकासमोरून कितीदा गेला, पण थांबला नाही.

जेलागात नावाची मुलगी त्याला भेटली ती दूध संघाच्या केंद्रावर. ती दूध तपासायची. नळीत दूध, दुधात काटा, काट्यावर डोळा. तिच्या समोरून पाणी घातलेलं दूध गेलं असं गेल्या सहा वर्षांत झालं नव्हतं, आणि त्यामुळे तिला मागणी घालायला कोणी धजावतही नव्हतं. तानुई आईचा कॅन घेऊन गेला, तेव्हा तिने स्टोव्हवर चहाला दूध चढवलं होतं आणि ती वहीत नोंद करत होती.

"उतरव," तानुई म्हणाला.

"कशाला?"

"चार सेकंदांत उतू जाईल."

तिने मान वर केली. दूध उतू गेलं. तिने स्टोव्ह पुसला, भांडं पुसलं, आणि मग त्याच्याकडे दुधाकडे पाहावं तसं पाहिलं.

"बरं. नव्वद सेकंद झाले की सांग. घड्याळाकडे बघायचं नाही."

तो सांगून मोकळा झाला. तिच्या घड्याळात नव्वद.

"आणखी काय येतं?"

"एवढंच येतं."

"भेसळ नाही म्हणजे," जेलागात म्हणाली. झालं.

बोलणी करायला गेले ते तानुईचे काका, अराप किरवा (अराप म्हणजे 'अमक्याचा मुलगा', आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी लागतं). वडील अबोल, घरातलं सगळं बोलणं काकांच्या वाट्याला आलेलं, आणि ते कर्तव्य ते दोघांच्या वाटणीचं करायचे. मुलीचे वडील अराप लेलेई म्हणजे जुनं खोड. बोलायच्या आधी काठी जमिनीवर दोनदा आपटायची सवय. त्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

काका म्हणाले, "तो जगाच्या पुढे पळतो."

खोटं काही नव्हतं. पण पुढचं निम्मं वाक्य काकांनी गिळलं, आणि तिथेच घोळ झाला.

त्याच आठवड्यात युरोपात शर्यत होती. तानुईने आपलं काम केलं, आंघोळ केली, आणि हॉटेलच्या खोलीत जेलागातला फोन लावला.

"पाहिलं का?"

"पाहिलं," ती म्हणाली. "बाबांनी चहाच्या हॉटेलात अख्खा गाव जमवला होता. तू पुढे दिसलास तेव्हा बाबा खुर्चीवर उभे राहिले. म्हणाले, सगळ्यांना चहा, माझ्याकडून."

"वा!"

"दुसऱ्या फेरीपर्यंत 'वा!'च होतं."

तानुईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग तू गवतात गेलास. आधी वाटलं बुटाची नाडी सुटली. न्हाव्याने सांगितलं, पोटात मुरडा आलाय, मला चेहऱ्यावरून कळतं. बाबांनी टोपी काढून प्रार्थना केली. मग कॅमेरा फिरला, तर तू मागे उभा राहून टाळ्या वाजवतोयस. हसतोयस, तानुई!"

"बिवोत जिंकला ना. काम फत्ते झालं."

"कसलं काम फत्ते? बाबांनी चहा रद्द केला. लोकांच्या हातातले कप परत घेतले."

दुसऱ्या बैठकीला काकांबरोबर तानुई स्वतः गेला. अराप लेलेईंनी काठी दोनदा आपटली.

"बस. मला सांग, तू आजारी आहेस का?"

"नाही."

"पाय दुखतो?"

"नाही."

"मग थांबलास का?"

"तेच माझं काम आहे. मी पुढे पळतो आणि मग बाजूला होतो."

"नांगराला जुंपलेला बैल अर्धं शेत नांगरून झाडाखाली बसला, तर त्याला कोणी पगार देतं?"

"मला देतात."

"कोण देतं असले पैसे?"

"गोरे लोक."

हे मात्र म्हाताऱ्याला पटलं. गोरे लोक कशालाही पैसे देतात याचा गावाला अनुभव होता. पण पोरीचा प्रश्न वेगळा. त्यांनी बोट उगारलं.

"हे बघ पोरा, तुझ्यासारखे छप्पन पाहिले मी."

काका मध्येच म्हणाले, "हो, त्याला तेच म्हणतात."

"काय?"

"छप्पन."

अराप लेलेईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी चहात तोंड घातलं. मग म्हातारा तानुईकडे वळला. "तू जन्मताना थांबलास. शर्यतीत थांबतोस. उद्या पोरं झाली, गुरं आजारी पडली, बायको चिडली, की तू हात वर करून गवतात! पोरीचं देज देशील ते अर्धी गुरं आणून सोडशील आणि टाळ्या वाजवशील. नाही. एक शर्यत माझ्या डोळ्यांदेखत पुरी कर. पहिला ये, शेवटचा ये, मला काय त्याचं! पण पोच. मग चहा प्यायला ये."

कुंपणापाशी जेलागात त्याला गाठायला आली. "तू थांबतोस तिथून शेवटच्या रेषेपर्यंत किती?"

"पाचशे मीटर."

"ते मीटर मला सांगू नकोस. सेकंद किती?"

त्याने डोळे मिटले. "पंच्याहत्तर. आरामात."

"पंच्याहत्तर सेकंदांसाठी माझं लग्न अडलंय?" जेलागात म्हणाली. "अरे, आमच्या संघात सही घ्यायला याहून जास्त वेळ लागतो."

जिल्ह्याच्या मैदानावर तीन आठवड्यांनी शर्यती होत्या. तानुईने नाव दिलं आणि सरावाला लागला. तेव्हा त्याला एक भयंकर गोष्ट कळली: त्याला हजाराच्या पुढे पळताच येत नव्हतं. दम होता. पाय होते. पण नऊ वर्षांत पाय शिकून बसले होते. हजार मीटरची खूण आली की ते आपणहून डावीकडे वळायचे, संध्याकाळी गाय गोठ्याच्या फाटकाशी वळते तसे. मास्तरांनी तिथे बादली ठेवली; त्याने बादलीला वळसा घातला आणि गवतात गेला. मास्तर स्वतः आडवे उभे राहिले; तो "माफ करा, मास्तर" म्हणाला आणि गवतात गेला.

"पळताना विचार कशाचा करतोस?" मास्तरांनी विचारलं.

"कशाचाच नाही. आकडे मोजतो."

"किती मोजतोस?"

"एकशे चाळीस. मग आकडे संपतात."

"मग पुढचे मोज की!"

"पुढचे कुठून आणू?"

शेवटच्या आठवड्यात कसंबसं जमायला लागलं. चार दिवसांत तीनदा तो रेषेपर्यंत गेला. रेषा ओलांडल्यावर काय करतात ते नऊ वर्षांत तो विसरला होता, म्हणून तो तसाच पुढे पळत फाटकाबाहेर गेला.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून उतारावर माणसं बसली होती. मैदान तांबड्या मातीचं, फक्कीच्या रेषा आखलेल्या, मधल्या गवतात कोणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या. अराप लेलेई पुढेच स्टूल टाकून बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये. त्यांच्या शेजारी काका, पलीकडे जेलागात. कपडे ठेवणीतले आणि चेहरा दूध तपासायचा.

सुरुवातीच्या रेषेवर बिवोत भेटला. हाच तो, युरोपात जिंकलेला. तानुईला बघून त्याने मिठीच मारली. "छप्पन! देव पावला! आज वेळ चांगली लागणार. किती ठेवतोस?"

"आपल्या डोंगरावर हवा विरळ, इथे अठ्ठावन्न. पण ऐक बिवोत, आज मी थांबणार नाहीये. पूर्ण पळणार आहे."

बिवोत एवढा हसला की त्याला नाडी पुन्हा बांधावी लागली. "बरं बरं," म्हणाला, "आणि मी आज बिशप होणार आहे."

पिस्तूल वाजलं. तानुई पुढे गेला, कारण त्याला दुसरी जागाच माहीत नव्हती. मागे अकरा जण एका ओळीत, शाळेच्या सहलीसारखे. पहिली फेरी अठ्ठावन्न. उतारावरून आरोळ्या. अराप लेलेईंची काठी तालावर आपटत होती. दुसरी फेरी अठ्ठावन्न. काका ओळखीपाळखीच्या लोकांना सांगत होते, "आमचाच तो. आमच्याच घरचा." तानुई आकडे मोजत होता. एकशे तीस. एकशे पस्तीस. समोर सरळ रस्ता, त्यापलीकडे घंटा घेतलेला माणूस. एकशे चाळीस, आणि त्याने दात खाऊन पुढचा आकडा उचलला, एकशे एक्केचाळीस. जमलं! एकशे पंचेचाळीस. जमतंय!

आणि त्याच क्षणी हजाराच्या खुणेवर मागून बिवोत नेहमीच्या सवयीने, नेहमीच्या प्रेमाने ओरडला, "झकास, तानुई! हो बाजूला!"

पाय डावीकडे वळले.

डोक्याने "नको" म्हणेपर्यंत तो गवतात उभा होता, गुडघ्यांवर हात, समोर एक मेंढी. अकरा जण सुसाट निघून गेले. घंटा वाजली. उतारावर शांतता पसरली, आणि त्या शांततेत काठी एकदाच आपटल्याचा आवाज आला.

"बघितलंत?" अराप लेलेई म्हणाले. "मी काय सांगत होतो? जन्मताना थांबला, आजही थांबला." ते स्टूल उचलायला लागले.

तानुईला सगळं ऐकू येत होतं, पण हलता येत नव्हतं. काम संपलं होतं. आकडे संपले होते. शरीर आंघोळीची वाट पाहत होतं.

तेव्हा उतारावरून एक आवाज आला. दूध संघाच्या रांगेत मागून घुसणाऱ्याला शेवटच्या टोकाला परत पाठवणारा तो आवाज.

"पंच्याहत्तर!"

एवढाच शब्द. पण तानुईच्या कानात आकडा पडला, आणि आकडा पडल्यावर मोजण्याखेरीज त्याच्या अंगाला दुसरं काही येत नव्हतं. एक. दोन. मेंढीवरून उडी. तीन.

तो गवतातूनच सुटला. फक्कीच्या आतून, वाकडातिकडा, मेंढ्या फाकवत. लाल निशाणवाला पंच आधी ओरडला, मग शिट्टी वाजवली, मग स्वतःच मागे धावायला लागला. पंच चांगला भरल्या अंगाचा माणूस. टोपी पहिल्या वळणावर पडली, निशाण दुसऱ्यावर. "थांब! तू बाद आहेस! थांब म्हणतो!" अख्खं मैदान उभं राहिलं. पुढे बिवोत जिंकत होता, तिकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मेंढ्यांची मालकीण शिव्या देत होती, काका अंगावरचा कोट काढून फिरवत होते, आणि लोक एका सुरात ओरडत होते, "पळ तानुई, पंच आला!"

एकसष्ट. बासष्ट. शेवटचा सरळ रस्ता. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. रेषा.

तो थांबला. बाकीचे अकरा केव्हाच येऊन पाणी पीत होते.

"एक सेकंद आधीच," तो धापा टाकत म्हणाला. त्याला ते खरोखरच लागलं. गवतातला रस्ता जवळचा पडला होता.

पंच अर्ध्या मिनिटाने पोचला आणि बराच वेळ नुसतं बोट दाखवत राहिला. मग कागदावर तानुईच्या नावासमोर लिहिलं: सोडली.

अराप लेलेई काठी टेकत खाली आले. "काय लिहिलंय ते?"

"शर्यत सोडली, असं," पंच म्हणाला.

"मग आता इथे उभाय तो कोण?"

"आजोबा, तो रेषेबाहेर गेला होता. गवतातून धावलेलं धरत नाहीत."

"मी त्याला म्हटलं होतं, पोच. कुठून पोच ते म्हटलं नव्हतं."

"नियम आहे."

"नियम तुझ्या घरी. पोरगी माझ्या घरची आहे." काठी दोनदा आपटली. मग ते तानुईकडे वळले आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बाजारात गाय न्याहाळतात तसं. "तू सोडून गेलास, हे मी पाहिलं."

"हो."

"आणि परत आलास."

"हो."

"मागे सरकारी माणूस लागला असताना."

"हो."

म्हाताऱ्याने जेलागातकडे पाहिलं. "जे कधी सोडूनच जात नाहीत त्यांचं मला काही माहीत नाही, असलं माणूस मी पाहिलेलं नाही. मी स्वतः तुझ्या आईला सोडून दोनदा माझ्या भावाकडे राहायला गेलोय. पण परत यायला मला चार दिवस लागले होते." त्यांनी नाक ओढलं. "ह्याला किती लागले?"

"पंचवीस सेकंद," जेलागात म्हणाली. तिने मोजले होते.

त्यानंतरही तानुई पाच वर्षं ससाच राहिला. अडीच फेऱ्या, मग गवत, मग आंघोळ. अराप लेलेई अजूनही चहाच्या हॉटेलात खुर्चीवर उभे राहतात, आणि तो बाजूला झाला की न्हाव्याला समजावतात, "हां, आता त्याने पुढचं दुसऱ्यांना सोडलं. मन मोठं आहे." चहा मात्र ते आता शर्यत संपल्यावरच सांगतात.

पण त्या दिवशी संध्याकाळी अंगणात बैठक बसली तेव्हा हे सगळं पुढचं होतं. जेलागातची आई घरातून तुंबा घेऊन आली. तुंब्याला मण्यांची माळ होती, दूध राखाडी, कोळशाच्या वासाचं. बायकांनी गाणं धरलं. तुंबा एकेकाच्या समोरून सरकत आला, आणि तानुई सवयीने थोडा मागे सरून शेजारच्याला जागा देऊ लागला. शेजारी काका होते. आईने काकांचा हात बाजूला सारला आणि तुंब्याचं तोंड तानुईच्या ओठाला लावलं.

तो प्यायला लागला. आंबट, थंड, दाट. घोट, घोट, घोट. आणि अर्ध्यावर आल्यावर, सवयीचा गुलाम, तो श्वास घ्यायला थांबला.

गाणं थांबलं. काकांनी डोळे मिटले. अराप लेलेईंची भुवई हळूहळू वर चढली आणि हात काठीकडे गेला.

जेलागात पलीकडे कप मांडत होती. तिने मान वर केली नाही. तुंब्याचं वजन तिला लांबूनच कळत असावं.

"अजून नऊ," ती म्हणाली.

तानुईने तुंबा उचलला आणि नऊ घोटांत रिकामा केला. म्हाताऱ्याने तो हातातून घेतला, उपडा केला आणि झटकला. एक थेंब सुटून तुंब्याच्या काठावर लोंबकळला.

"आणि हा?" अराप लेलेईंनी विचारलं.

तानुईने तो बोटावर घेतला आणि चाटून टाकला.